मखमलीवरचे रुपये

आमच्या टोळीत बोलनाऱ्या बाया गाडीभर, पन वाजनारी एकच. जमनी.

वाजे म्हनजे तिच्या गळ्यातला हार वाजे. राजाच्या मुंडक्याचे जुने चांदीचे रुपये, काही आठ आन्याच्या अधेल्या, आन मधात मधात ते कमळाचे पिवळे वीस पैसे. हरेक शिक्क्याच्या डोक्यावर कडी डाकलेली आन कड्याईतून काळा गोफ ओवलेला. सरकारनं ते पाडले होते बाजारात फिराले, तांड्यातल्या बायाईनं कड्या डाकून गळ्यात बांधून टाकले. आता ते कोन्या दुकानात चालत नाही. जमनीले तो हार तिच्या याडीनं, म्हनजे मायनं, लग्नात घातलता. घामानं आन धुळीनं काळाकुट्ट पडलता. पन वाजे कसा! ती वाकली का छुन्न, बोंडाले हात लावला का छुन्न, ओटीत कापूस कोंबला का छुन्न छुन्न. मी म्हनो, "जमने, तू शिंकली तरी दारव्ह्याले कळन वो." ती हासे. हासली तरी वाजे.

मी नलू. बाया गोळा करनं, वेचाच्या ओळी, म्हनजे पाता, वाटून देनं आन मालकासंगं भांडनं, हे टोळीतलं काम माह्याकडे. आमच्या बुद्धविहाराजवळच्या वस्तीतल्या बाया आन तांड्यावरच्या बाया, साऱ्या एकाच टोळीत. कोनाले माहं तोंड कडू लागते, लागो. गोड बोलून कापूस काही आपसूक ओटीत येत नाही.

जमनीचा नवरा हिरासिंग. एका काळी या भागात त्याच्यासारखी सरळ तिफन कोनाची चालत नोती. मंग काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे खाल्ले. एक अख्खा पावसाळा बुढा खाटेवर बसून राह्यला. कोनासंगं बोले नाही, जेवाले वाढलं तं ताटाकडे तोंड नाही. सुकून पार लाकूड झालता. तवा जमनीनं त्याले हाताले धरून वावरात आनलं, निंबाखाली माठापाशी बसवलं आन मले म्हने, "नलू, याले पानी पाजाचं काम दे."

म्या म्हनलं, "आंधळा मानूस कापसाच्या पऱ्हाटीत कसा फिरन वो?"

ती म्हने, "देऊन तं पाह्य."

आन फिरला ना बाप्पा! कळशी खांद्यावर, गिलास हातात. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहे, मान उलिसी वाकडी करे, जमनीचा हार कुठं वाजते ते आयके, आन पऱ्हाटीच्या दोन ओळींमधातून सरळ तिच्यापाशी जाये. जमनी नेहमी टोळीच्या मधात पात धरे. तो तिच्यापाशी पोचला का डाव्या-उजव्या अंगाच्या बाया आपापल्या जागेवरून त्याच्याकडे येत. एकाच गिलासानं साऱ्या पीत, बुढ्याची टवाळी करत, आन बुढा दुप्पट टवाळी परत करे. दोन वेचन्यांत अंगावर मास चढलं त्याच्या. दाढी करून, फेटा बांधून येऊ लागला. मले ते पाहून लय बरं वाटे, खोटं कायले सांगू.

गंमत अशी का तो कबूल करत नोता. "मले भुरकं भुरकं दिसते," म्हने. आमाले साऱ्याईले ठाव होतं, का बुढ्याले काळोखाबिगर काही दिसत नाही. त्याले वाटे, कोनालेच ठाव नाही. आमी वाटू दिलं. खरंच ठाव नोतं ते दोघाईले. एक मालक सदाशिवराव, आन दुसरी जमनीची नवी सून उर्वशी.

यंदा कापूस असा फुटला का वावर पांढरंफटक. आन वरून ढग. सदाशिवराव सकाळपासून धुऱ्यावर, मान वर करून उभे.

"नलू, पानी आलं तं सारा कापूस भिजते. बाया वाढव."

"कुठून वाढवू मालक? बाया काय पऱ्हाटीले लागते?"

ते हिरासिंगाकडे पाहून म्हने, "याले दिसते ना बरोबर? तिकडे ज्वारीच्या पट्ट्यापल्याड माही इहीर हाये. कठडा नाही तिले."

"दिसते ना. तुमच्यापरीस बरं दिसते. तुमच्या सदऱ्याचं बटन तुटलं, हे त्यानंच सांगतलं मले."

सदाशिवरावचा हात छातीवर गेला. बटन खरंच तुटलं होतं, ते म्याच पाह्यलं होतं. मानूस वाईट नाही सदाशिवराव. भेकड हाये उलिसा, पन बायाईले उन्हात उभं करून बोलत नाही.

त्या सांजेपासून भुरभुर लागली. ओला कापूस कोनी वेचत नाही, म्हनून वेचनी बंद. पुढं कवा यायचं ते सांगाले मी तांड्यावर गेली. हिरासिंग खाटेवर बसून सुताची दोरी वळत होता. त्याचा पोरगा बाबुलाल दारव्हा-दिग्रस जीप चालवते, तो जीप पुसत होता. आन उर्वशी सासूच्या मागं लागलती.

उर्वशी फुलसावंगीकडची. बारावी पास, शिवनकाम येते, आन मनानं अशी का लेकरावानी. तिच्या लहान बहिनीचं लग्न ठरलतं.

"याडी, कड्या झिजल्या पाह्या. एखांदा रुपया वावरात पडला तं कुठं धुंडाचा? मी यांच्या जीपनं बाजारात चालली. डाकून आनते."

जमनी गळ्याले हात लावून बसली. "लग्नापासून काढला नाही म्या."

"न्हाताना काढता ना? तसंच समजा."

हिरासिंग खाटेवरून म्हने, "देऊन टाक वो. वेचनी बंदच हाये. आन एखांदा पडला तं मलेच चैन पडनार नाही."

तवा जमनीनं हार काढला. मान उघडी पडली तिची. गोफाच्या जागी कातडीवर गोरा पट्टा उमटलेला दिसे. ती मान पदरानं झाकून घेत होती, जसं कोनी आंगोळीच्या वख्ती पाह्यलं.

उघाड पडली त्या दिवशी सांजेले मी परत तांड्यावर गेली, सकाळी या म्हनून सांगाले. जमनीच्या अंगनात ही गर्दी! मले वाटलं कोनी पडलं का काय. बाया हटवून आत गेली तं उर्वशीच्या हातात लाल मखमलीचा पट्टा, आन त्यावर ओळीनं पिवळेजर्द, चमचम रुपये. राजाचं मुंडकं सोन्याचं, अधेल्या सोन्याच्या, कमळबी सोन्याचं.

"पॉलिशवाल्यानं सोन्याच्या पान्यात बुडवले," उर्वशी म्हने. आनंदानं तिचा श्वास पुरत नोता. "म्या त्याले म्हनलं, पानी उतरलं तं? तो म्हने, शिक्क्याले शिक्का घासला का उतरते. म्हनून मखमलीवर पक्के टाचून दिले त्यानं. आता हालतच नाही, पाह्या!"

आन तिनं तो पट्टा हालवून दाखवला. खरंच, हूं का चूं नाही.

"एवढं कायले केलं गं पोरी?" जमनीनं इचारलं.

"तुमाले सांगतलं नाही म्या. मागच्या वख्ती माह्या मावशीनं तुमच्या हाराले खिळ्यांचा हार म्हनलं होतं. सारे हासले. मले लय लागलं. माह्या शिवनाच्या पैशातून केलं म्या हे, यांच्याकडून काही घेतलं नाही. माह्या बहिनीच्या लग्नात माही याडी साऱ्याईत उठून दिसली पायजे."

जमनीनं पट्टा गळ्यात बांधून घेतला. बाबुलालनं जीपचा आरसा तिच्याकडे फिरवला. बुढी त्यात पाह्यतच राह्यली, डोळ्यांतून टपटप पानी. खुश झालती ती. खरंच खुश. तिची हौस अशी कोनी केलीच नोती कवा. जलमभर वावर, चूल आन पोरं. तिनं सुनेले जवळ ओढलं आन तिच्या कपाळाले कपाळ लावलं.

मंग उर्वशीनं सासऱ्याचा हात धरून हारावर ठेवला. हिरासिंगानं एकेका रुपयावरून बोट फिरवलं. एक रुपया नखानं उचलून पाह्यला. उचलला जाईना. मंग म्हने, "गुळगुळीत केला वो. चांगला हाये, पोरी. लय चांगला हाये."

जमनी मले सोडाले तांड्याच्या तोंडापर्यंत आली. पावलापावलाले वाजनारी बाई, आज मांजरावानी चालत होती.

"नलू, वाजत नाही वो."

"मंग सांग ना पोरीले!"

"काय सांगू? पोरीनं पोटच्या लेकीवानी केलं माहं. तिच्या तोंडावरचा आनंद पाह्यला ना तू? तो मी खुडू का?"

"आन बुढा?"

तिनं गळ्यातला पट्टा चाचपला. "मी गाईन. तो माह्या आवाजावर येईन."

दुसऱ्या दिवशी बायाईनं जमनीले सोडलं नाही. "सोनारीन आली वो! सोनारीनबाई, आमच्या पातीले हात लावू नोका, मळन तुमचं सोनं!" ती हासत होती आन गात होती. तिले येत होती ती होळीची लेंगी, तांड्यावरचं गानं. दिवाळी होऊन गेली तरी बाई होळीची लेंगी गाऊन राह्यली! आमी पोट धरून हासलो. पन सकाळी बुढा त्या गान्यावर दोनदा बरोबर आला. थोडा अडखळला, एका झाडाले धडकला, पन आला. पानी पाजलं. जमनी पानी प्याली आन हळूच मले म्हने, "जमलं."

दुपारपर्यंत तिचा घसा बसला. वाकून वेचता वेचता गानं सोपं नाही, करून पाह्या कोनी. आन तितक्यात बाजूच्या वावरात सोयाबीनचा थ्रेशर सुरू झाला. घर्र घर्र घर्र. वाराबी सुटला. जमनीचं गानं म्हनजे नुसतं तोंड हालताना दिसे.

मी तवा धुऱ्यावर होती. उर्वशी सासू-सासऱ्याची शिदोरी घेऊन नुकतीच आलती, माह्या बाजूले उभी. हिरासिंग कळशी घेऊन निघाला. धुऱ्याच्या कडेले उभा राह्यला, मान वाकडी केली. या बाजूले. त्या बाजूले. मंग चालाले लागला, पन टोळीकडे नाही. ज्वारीच्या पट्ट्याकडे.

त्या पट्ट्यात पाखरं हाकलाले सदाशिवरावनं बुजगावनं उभं केलतं. अंगात त्याईचाच जुना सदरा, आन दोन्ही हाताले डब्याची झाकनं बांधलेली. वाऱ्यानं झाकनाले झाकन लागे. छन्न. छन्न.

"बा तिकडे कायले चालले?" उर्वशी म्हने.

मी हाक मारली. थ्रेशरच्या आवाजात माही हाक माह्याच कानाले आली नाही. तशीच मी पळाली, उर्वशी माह्या मागं. आमी पोचलो तं बुढा बुजगावन्यासमोर उभा. कळशी वाकवली, गिलास भरला, आन पुढं केला.

"घे, जमनी."

झाकनं वाजली.

"घे ना वो. रुसली का?"

मालकाचा गडी बैलाले वैरन टाकत होता, तो खदखदून हासला. असा राग आला मले त्याचा! पन त्याच्या हासन्यानंच सदाशिवरावनं इकडे पाह्यलं. बुजगावन्याच्या मागं ज्वारीच्या दोन ओळी, आन त्याच्या मागं इहीर. बुढ्याले वाटलं जमनी मागं सरकली, म्हनून तो गिलास पुढं करत आखीन एक पाऊल टाकाले निघाला. सदाशिवराव असे पळाले का पायातली चप्पल मागं राह्यली. त्याईनं बुढ्याचा दंड धरून मागं ओढला. कळशी पडली, पानी मातीत गेलं. मालक माह्याकडे वळले.

"आंधळा हाये हा! नलू, खोटं बोलली तू माह्यासंगं!"

"हो, बोलली," म्या म्हनलं. दुसरं काय म्हनू?

"उद्यापासून हा मानूस माह्या वावरात नाही. माह्या इहिरीत मेला तं जलमभर मी कसा झोपू?"

हिरासिंगानं हात पुढं करून चाचपून पाह्यलं. सदरा, मंग सदऱ्यातलं तनस. त्याच्या ध्यानात आलं. "हात्तिच्या," तो म्हने, "म्याबी म्हनलं, जमनी आज इतकी उंच कशी झाली." कोनी हासलं नाही. गडीसुदा नाही. बुढा उर्वशीचा खांदा धरून निंबाखाली जाऊन बसला आन भाकरीले हात लावला नाही. त्याले तसं बसलेलं पाहून मले तो खाटेवरचा पावसाळा आठवला, आन रडूच आलं.

सांजेले मी त्याईच्यासंगं तांड्यावर गेली. घरी जाऊ तं पाय निघेना. दिवस अजून बुडाला नोता. जमनीनं अंगनात पाय टाकला आन सरळ इळाच हातात घेतला, गळ्यातला पट्टा कापाले.

"ठेव तो इळा," हिरासिंग म्हने. आवाजावरूनच ओळखलं त्यानं, कोनती वस्तू उचलली ते. "पोरीनं हौसेनं केलं. तिच्या बहिनीचं लग्न होऊ दे. मी काय, बसतो घरी. दोऱ्या वळतो."

"दोऱ्या वळता! मागच्या वख्ती घरी बसले तवा कसे झालते, मले ठाव हाये!"

"मले भुरकं दिसते. करमन मले."

उर्वशी दारात उभी होती. ती पुढं आली आन सासऱ्याच्या पायापाशी बसली. "बा, तुमी याडीच्या हारावर चालत होते का?"

"भुरकं दिसते ना मले, पोरी."

"बा."

बाबुलालनं जीप बंद केली होती, साऱ्या अंगनात एक कोंबडी तेवढी बोलत होती. मंग हिरासिंग म्हने, "काहीच दिसत नाही. तू घरात आली तवापासून तुहं तोंड पाह्यलं नाही म्या. कशी हायेस तू, गोरी का सावळी, तेबी ठाव नाही."

इतक्या दिवसांत पह्यल्यांदा त्याच्या तोंडातून ते निघालं. जमनीनं इळा खाली ठेवला.

उर्वशी उठली, घरात गेली आन शिवनाच्या डब्यातून पातं घेऊन आली. सासूच्या गळ्यातला पट्टा सोडला, मांडीवर घेतला आन टाका टाका उसवाले लागली. रडत होती आन उसवत होती. "मले सांगाचं ना कोनी! मी काय परकी हाये? साऱ्या टोळीले ठाव, आन घरच्या सुनेले नाही?"

ते मात्र खरं होतं.

"पानी उतरन वो पोरी," जमनी म्हने. "तुहे शिवनाचे पैसे."

"उतरो!"

"आन लग्न?"

"लग्नात माही याडी वाजत येईन. मावशीले दुरूनच कळू दे कोन आलं ते."

बाबुलाल इतका येळ उभा होता, तो आता घरातून नवा काळा गोफ घेऊन आला. उर्वशी ओवाले बसली तं हिरासिंग खाटेवरून म्हने, "थांब. वाजवून पाह्य." तिनं वाजवलं. "नाही. हा पिवळा इथं नोता. याच्या बाजूले अधेली होती." तिनं अधेली सरकवली. "आता तो जाड आवाजाचा रुपया मधात घे. तो नाही, दुसरा." सून एकेक शिक्का वाजवे आन सासरा सांगे. इतका नाद लागलता दोघाईले का चहा थंड झाला, कोनी हात लावला नाही. मधात एकदा बुढा चिडून म्हने, "अवं, एवढंबी कळत नाही?" आन उर्वशी म्हने, "नाही कळत! माहे कान काही तुमच्यावानी सोन्याचे नाही!" तं बुढा इतका हासला का त्याले ठसका लागला. मी माह्या पदरानं डोळे पुसले आन घरी गेली. त्या दिवशी मी निवांत झोपली.

सकाळी हिरासिंग आला. दाढी केलेली, फेटा बांधलेला, दुसरी कळशी खांद्यावर. जमनी त्याच्यापुढं, छुन्न छुन्न. सदाशिवराव बांधावरच उभे होते.

"नलू, काल काय सांगतलं म्या?"

"मालक, काल हार मुका होता. आज वाजते." आन म्या त्याईले सारं सांगून टाकलं, मखमल, पॉलिश, सारं. आयकता आयकता त्याईचं तोंड उघडंच राह्यलं. पन भीती काही जाईना.

"हार वाजते ते ठीक. पन इहीर तं तिथंच हाये ना? मले खातरी पायजे." ते हिरासिंगाले म्हने, "मी या पऱ्हाटीत कुठंतरी उभा राह्यतो. तोंड उघडत नाही. तू येऊन मले पानी पाज. पाजलं तं रोज ये, मी काही म्हनत नाही. नाही पाजलं तं हात जोडतो बावा, घरी बस."

मी भांडाले तोंड उघडलं तं हिरासिंग म्हने, "राहू दे, नलू. मालक बरोबर बोलते. या मालक, उभे राहा."

बायाईनं पाता धरल्या. थ्रेशर आज बंद होता, पन हा काही जमनीपाशी जायचा रस्ता नोता. सदाशिवराव पार वावराच्या दुसऱ्या टोकाले, टोळीपासून दूर, पऱ्हाटीत जाऊन उभे राह्यले. हूं नाही का चूं नाही. हिरासिंग धुऱ्यावर. मान वाकडी करून उभा, हलेच ना. माह्या हातातलं बोंड हातातच राह्यलं.

जमनी आपल्या पातीत वेचत होती. मान वर करून तिनं एकदा मालकाकडे पाह्यलं, आन वेचता वेचता पात सोडली. दुसऱ्या ओळीत गेली, मंग तिसऱ्या. कापूस मातर सोडत नोती, दोन्ही हातानं वेचतच चालली. छुन्न, छुन्न, छुन्न. तिले कोनी काही म्हनू शकत नोतं, बाई काम करत होती. अशी वेचत वेचत ती मालकाच्या पुढ्यात जाऊन पोचली. आन तिथं पोचल्यावर हात थांबवून सरळ उभी राह्यली. हार गप झाला.

तवा हिरासिंग निघाला. आवाज बंद झाल्यावर निघाला, हे ध्यानात घ्या. कुठं बंद झाला ते त्यानं कानात धरून ठेवलतं. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधातून, एकाबी झाडाले न धडकता, कळशीतलं पानी न सांडता तो गेला आन मालकासमोर थांबला. जमनीपासून हातभर अलीकडे. गिलास भरून पुढं केला.

"घ्या, मालक."

सदाशिवरावनं गिलास घेतला नाही. म्हने, "मी हाये हे कसं कळलं तुले? जमनी असती तं?"

"जमनीचे हात वेचनीत कवाच थांबत नाही," बुढा म्हने. "थांबले, म्हनजे समोर मालक हाये."

सदाशिवरावनं जमनीकडे पाह्यलं. तिनं खाली पाह्यलं. मंग त्याईनं गिलास घेतला, एका दमात प्याला, आन रिकामा गिलास परत देताना दुसऱ्या हातानं हिरासिंगाचा हात धरून ठेवला घडीभर. "आज सांजेपर्यंत इहिरीले काटक्याचं कुंपन करतो मी," ते म्हने. "आन ते बुजगावनं उपटून टाकतो." गड्याले हाक मारत ते तिकडे निघून गेले. आमी साऱ्या बायाईनं असा गिल्ला केला का पाखरं उडाली.

मी पानी प्याले गेली तं जमनी गिलास तोंडाले लावून उभी होती, आन बुढा तिच्या हारावरून बोट फिरवत होता. बोटाच्या टोकाले पिवळी बुकनी लागलती.

"सोनं गेलं का?" त्यानं इचारलं.

जमनीनं मान खाली घालून पाह्यलं. "उलिसं गेलं. बाकी हाये अजून."

"जाईन," हिरासिंग म्हने, आन कळशी खांद्यावर घेतली. "वेचनीबी बाकी हाये."